दुखणे ज्याचे, प्रश्न कोणाचा?

सन १८८० च्या मे महिन्यात नॉर्वे देशातील बर्गन शहरी एक खटला चालला. आरोपी कोणी भोंदू वैद्य नव्हता. ते होते डॉ. गेरहार्ड आर्मावर हॅन्सन. १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडला व ज्यांच्या नावाने तो रोग आज ओळखला जातो, तेच हे हॅन्सन. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी कुष्ठरुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्याला धारदार उपकरणाने टोचले होते, आणि त्या उपकरणाला दुसऱ्या एका रुग्णाच्या गाठीतील द्रव्य लावलेले होते. त्या स्त्रीचा कुष्ठ बधिरतेच्या प्रकारचा होता, दुसऱ्या रुग्णाचा गाठींचा. एका प्रकारापासून दुसरा प्रकार उत्पन्न होतो काय, हे हॅन्सन यांना पाहायचे होते. तसे काही झाले नाही. परंतु तिची परवानगी त्यांनी घेतली नव्हती, आणि न्यायालयाने त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले.

परवानगी का घेतली नाही, याचे हॅन्सन यांनी दिलेले कारण मननीय आहे. या प्रयोगाकडे आपण ज्या दृष्टीने पाहतो त्या दृष्टीने ती पाहील असे आपल्याला वाटले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माणूस खोटे बोलला नाही. त्या स्त्रीला स्वतःची दृष्टी आहे हे त्यांना ठाऊक होते, ती दृष्टी आपल्याहून निराळी असेल हेही ठाऊक होते. आणि नेमक्या त्याच कारणास्तव तिला विचारण्याचे त्यांनी टाळले. दोन माणसांची दृष्टी एकच असती तर विचारण्याची गरजच काय होती? भिन्न आहे म्हणूनच विचारावे लागते. ज्ञानाच्या ओढीने एक थोर मनुष्य या साध्या विचारापाशी कसा अडखळला, हे पाहून मन अस्वस्थ होते. कारण ती ओढ हीनही नव्हती, स्वार्थीही नव्हती.

त्यानंतरच्या काळात जगाने पुष्कळ काही शिकले. दुसऱ्या महायुद्धातील छळछावण्यांत वैद्यांनी केलेली दुष्कृत्ये उघडकीस आल्यावर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे, व नंतर १९६४ साली हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात, माणसावर प्रयोग करण्यापूर्वी त्याची समजून-उमजून दिलेली संमती घेतली पाहिजे हे तत्त्व मांडले गेले. आज आपल्या देशातही संमतिपत्रावाचून माणसांवरील वैद्यकीय संशोधन सहसा रीतसर करता येत नाही. मग प्रश्न मिटला काय?

मला तसे वाटत नाही. संमती म्हणजे दुसऱ्याने तयार केलेल्या प्रश्नाला दिलेले 'होय' किंवा 'नाही'. हॅन्सन यांनी विचारले असते, तर ती स्त्री बहुधा 'नको' म्हणाली असती आणि गोष्ट तेथेच थांबली असती. तो तिचा हक्क होता. परंतु 'बाई, तुझ्या या रोगाविषयी तुला स्वतःला काय जाणून घ्यावेसे वाटते?' असे तिला त्यानंतरही कोणी विचारले नसते. संशोधक आणि रुग्ण यांचे नाते संमतीच्या पुढे, भागीदारीपर्यंत जाऊ शकते काय, आणि ते तसे जाणे ही दयेची बाब आहे की न्यायाची, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

'भागीदार' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. लूकच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय आपणांस परिचित आहे. रात्रभर कष्ट करून काही मिळाले नाही, मग प्रभूच्या शब्दावरून जाळी सोडली, आणि मासे इतके मिळाले की दुसऱ्या मचव्यातील साथीदारांना खुणावून बोलवावे लागले. या ठिकाणी लूक दोन निरनिराळे ग्रीक शब्द योजतो, 'मेतोखोस' आणि 'कोइनोनोस'. दुसरा शब्द ज्या कुळातला, त्याच कुळातून आपल्या मंडळ्यांत नेहमी ऐकू येणारा 'कोइनोनिया' हा शब्द आला आहे. प्रभुभोजनाच्या मेजाशी आपण त्याचा अर्थ 'सहभागिता' असा करतो व तो फार उंचावर नेऊन ठेवतो. लूकच्या त्या वाक्यात मात्र त्याला माशांचा वास येतो. याकोब व योहान हे शिमोनाचे धंद्यातील भागीदार होते. रिकामी रात्र दोघांची, फाटू लागलेले जाळे दोघांचे, आणि बाजारात जे मोल येईल तेही दोघांचे. आधी ठरलेल्या कामाला मान डोलावणाऱ्याला कोणी भागीदार म्हणत नाही. मासे कोठे शोधावेत याबद्दल ज्याचा शब्द विचारात घेतला जातो आणि आलेल्या माशांत ज्याचा वाटा असतो, तो भागीदार.

असे नाते वैद्यकात प्रत्यक्ष घडले आहे. हॅन्सन यांच्या खटल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, त्याच रोगाच्या संदर्भात, आपल्याच देशात ते घडले.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. शल्यविशारद होऊन १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. चिंगलपेटच्या कुष्ठधामात एका रुग्णाचा आखडलेला पंजा त्यांनी हातात घेतला आणि त्याला दाबायला सांगितले, तेव्हा त्या पंजाने असा काही दाब दिला की ब्रँड कळवळले. हात निकामी दिसतो, मग हे बळ कोठून आले? सगळे स्नायू मेलेले नाहीत, तर जिवंत स्नायूचा दोर मेलेल्याच्या जागी जोडता येईल काय? त्या दाबातून हा विचार निघाला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला हातांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. पंजे उघडू लागले.

येथपर्यंतची कथा नेहमीची आहे. वैद्याने प्रश्न केला, वैद्याने उत्तर शोधले, रुग्णाला लाभ झाला. पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. बरे होऊन गेलेले काही रुग्ण परत आले आणि म्हणाले, डॉक्टर, हे हात भीक मागायला चांगले नाहीत! वाकडे पंजे पाहून लोक पैसा टाकीत. सरळ बोटांकडे पाहून कोणी दया करीना, आणि कुष्ठाचे व्रण अंगावर असलेल्याला काम तर कोणी देईना. वैद्याचा प्रश्न होता, हात उघडेल काय? रुग्णाचा प्रश्न होता, उघडलेल्या हाताने मी जगू कसा? हा दुसरा प्रश्न रुग्णांनी आणला नसता तर वेल्लोरला तो कोणाला सुचला असता असे मला वाटत नाही. त्या प्रश्नातूनच रुग्णांनी राहावे, सुतारकामासारखे हातचे काम शिकावे, यासाठी मातीच्या झोपड्यांची एक वस्ती उभी राहिली. तिला 'न्यू लाइफ सेंटर' असे नाव मिळाले.

आणि त्या वस्तीत खरे संशोधन झाले. कुष्ठाने बोटे 'झडतात', मांस आपोआप सडते, ही समजूत त्या काळी वैद्यांतही रूढ होती. ब्रँड यांना शंका आली की रोग वेदनेची जाणीव तेवढी नष्ट करतो, आणि पुढचा नाश रोजच्या बारीकसारीक इजांनी होतो. परंतु हे सिद्ध कसे करायचे? ज्याला दुखत नाही त्याला इजा केव्हा झाली हेच कळत नाही, आणि वैद्य काही चोवीस तास झोपडीत बसू शकत नाही. तेव्हा तेथील तरुणच शोधक झाले. प्रत्येक फोड, प्रत्येक जखम कोठून आली याचा ते माग काढू लागले. हातापायांची रोज तपासणी करू लागले. रात्री वाचन संपवून कंदील मालवताना तापलेल्या काचेला हाताची मागची बाजू टेकते, हे असेच उघड झाले. सर्वांत भयंकर कोडे होते ते एका रात्रीत नाहीशा होणाऱ्या बोटांच्या पेरांचे. रात्री पहारा ठेवला तेव्हा दिसले की उंदीर येऊन निजलेल्या माणसाचे बोट कुरतडतो आणि माणूस जागा होत नाही. त्यानंतर वस्तीत मांजरे पाळली जाऊ लागली. एका जागतिक महत्त्वाच्या शोधाचे पहिले फळ म्हणजे मांजर! वाचकांनी हसावे, पण हेही ध्यानात घ्यावे की त्या शोधातूनच बधिर पायांसाठी मऊ रबराच्या तळाची पादत्राणे निघाली. आणि ब्रँड १९६६ साली अमेरिकेत गेल्यावर तेच ज्ञान मधुमेहाने बधिर झालेल्या पायांच्या कामी आले. आज आपल्या घरातील मधुमेही आईवडिलांना 'रोज तळपाय तपासा, अनवाणी चालू नका' असे डॉक्टर सांगतात, त्या सल्ल्यामागे वेल्लोरच्या त्या तरुणांचे जागरण आहे.

त्यांना 'संशोधनाचे विषय' म्हणता येईल काय? शंका वैद्याची होती, पण पुरावा गोळा करणारे, त्याचा अर्थ लावणारे आणि त्याप्रमाणे जगून दाखवणारे रुग्ण होते.

ब्रँड अमेरिकेत ज्या गावी गेले ते कारव्हिल; मिसिसिपी नदीकाठचे लुइझियाना राज्यातील कुष्ठरुग्णालय. तेथील इतिहासाचा एक पदर येथे आवश्यक आहे. कायद्याने तेथे डांबलेल्या रुग्णांना १९४६ पर्यंत मतदानाचा हक्कही नव्हता. स्टॅन्ली स्टाइन हे टोपणनाव घेतलेल्या एका रुग्णाने, जो पुढे पूर्ण अंध झाला, तेथून 'द स्टार' नावाचे नियतकालिक चालवले आणि 'लेपर' हा शब्द माणसाला लावू नका असा आग्रह वर्षानुवर्षे धरला. १९४१ साली तेथे डॉ. गाय फॅजेट यांनी प्रोमिन या औषधाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा टोचून घेण्यास रुग्णच स्वेच्छेने पुढे आले. त्याआधी जगभर कुष्ठावर कडू कवठाच्या जातीचे तेल टोचत, आणि त्याचा गुण कमी, वेदना फार असा अनुभव होता. १९४३ साली प्रोमिनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि कुष्ठ बरा होऊ शकतो हे जगाला प्रथम कळले. कुंपणाआड ठेवलेल्या माणसाची 'स्वेच्छा' कितपत मोकळी असते, ही शंका मला येथे आल्यावाचून राहत नाही. तरी आपल्या शब्दासाठी आणि मतासाठी भांडणारे रुग्ण व औषधासाठी दंड पुढे करणारे रुग्ण हा एकच समाज होता, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

आता या विचारावर घेतला जाणारा मोठा आक्षेप पाहू. शास्त्राला निःपक्षपातीपणा लागतो. रुग्ण बरे होण्यासाठी आतुर असतो. आतुर माणसाच्या हाती तराजू दिला तर माप खरे पडेल काय? आक्षेप वजनदार आहे. परंतु आतुरता काय एकट्या रुग्णालाच असते? औषध यशस्वी ठरावे म्हणून ते बनवणारी कंपनी आतुर असते, नाव व्हावे म्हणून संशोधक आतुर असतो. हॅन्सन यांची आतुरता आपण पाहिलीच. म्हणूनच तर शास्त्राने मोजणीचे कडक नियम केले, आणि ते सर्वांनाच लागू असावेत. भागीदारी हवी ती कोणता प्रश्न आधी हाती घ्यावा, कोणता त्रास मोजावा आणि हाती आलेले कोणाला परत द्यावे, या ठिकाणी. तराजूची दांडी कोणीही धरो, त्यात काय घालायचे हे ठरवताना ज्याच्या अंगाला कळ लागते तो तेथे उपस्थित असावा.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे, आणि तो मला अधिक अडवतो. आजारी माणसाला विश्रांती हवी असते. त्याला समित्यांत कशाला बसवता? हे खरे आहे. भागीदारी लादता येत नाही. ज्याला नुसते रुग्ण राहायचे आहे त्याला तसे राहू द्यावे. शिवाय अशा जागी बहुधा इंग्रजी बोलणारा, शहरातला, बऱ्यापैकी सावरलेला रुग्ण नेमला जातो, त्याला चहा दिला जातो, छायाचित्र निघते, आणि ठराव आधीच टंकलिखित झालेला असतो. अशा शोभेच्या भागीदारीपेक्षा स्पष्ट नकार बरा.

या बाबतीत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय मला वारंवार आठवतो. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? तो कारणाचा शोध घेणारा प्रश्न होता. आजच्या भाषेत संशोधनाचाच प्रश्न. तो मनुष्य तेथेच बसला होता, ऐकत होता, आणि त्याला कोणी काही विचारले नाही. प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारला. पुढे दृष्टी आल्यावर परूशी त्याला पुनःपुन्हा बोलावतात. तो आता पुरावा आहे. तू पूर्वी अंध होतास काय, तुझे डोळे कसे उघडले, याची उत्तरे तो देतो तोवर त्यांना तो हवा असतो. परंतु ज्या क्षणी तो स्वतः विचार करू लागतो, घडलेल्या गोष्टीचा अर्थ सांगू लागतो, त्या क्षणी त्यांना संताप येतो की हा आम्हांला शिकवणार! आणि ते त्याला बाहेर घालवतात. साक्षीदार म्हणून चालतो, सहविचारी म्हणून चालत नाही. हाकलून दिल्यावर प्रभू त्याला शोधून काढतो आणि त्याच्याशी बोलतो, हा त्या कथेचा पुढचा भाग.

ईयोबाचे मित्रही असेच. सात दिवस ते मुकाट्याने त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तोवर उत्तम मित्र होते. मग त्यांनी त्याच्या दुखण्याची उपपत्ती मांडली आणि त्याचे म्हणणे त्या उपपत्तीत बसेना म्हणून त्यालाच खोटे ठरवले. ग्रंथाच्या शेवटी देवाने कोणाचे बोलणे यथार्थ ठरवले, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्या मिशन कार्याकडेही याच नजरेने पाहावे लागेल. १८७४ साली वेलस्ली बेली यांच्या प्रयत्नांतून कुष्ठरुग्णांसाठी जी मिशन संस्था निघाली तिच्या मुळाशी त्यांनी अंबाल्यात पाहिलेले दुःख होते. ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांना आपल्या लोकांनी शिवले. त्या स्पर्शाचे मोल मी कमी करीत नाही. पण प्रभूने कुष्ठी माणसाला स्पर्श केला, तसा बार्तीमयाला प्रश्नही केला. आंधळ्याला काय हवे हे सगळ्या यरीहोला दिसत होते, तरी तुझ्यासाठी मी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे त्याने विचारले. स्पर्शाचा वारसा आपण घेतला. प्रश्नाचा वारसा घेण्यात आपण मंद राहिलो. मिशन रुग्णालय हे मायबाप झाले, आणि मायबाप सहसा विचारीत नाहीत.

काळ बदलतो आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाने कुष्ठबाधित व्यक्तींचा कुष्ठसेवांतील सहभाग कसा वाढवावा यावर मार्गदर्शिका काढली. २०२४ च्या ऑक्टोबरात हेलसिंकी जाहीरनाम्याची जी सुधारणा झाली तीत प्रयोगाधीन व्यक्तीला 'सब्जेक्ट' म्हणणे सोडून 'पार्टिसिपंट' हा शब्द घेतला गेला, आणि संशोधनापूर्वी, ते चालू असताना व नंतरही त्या लोकांशी व त्यांच्या समाजाशी अर्थपूर्ण संवाद असावा असे म्हटले गेले. मराठीत 'सब्जेक्ट' म्हणजे विषयही आणि प्रजाही. दोन्ही अर्थ त्या जुन्या शब्दाला चिकटलेलेच होते.

आपल्या देशात संशोधनाच्या नीतिसमित्यांवर वैद्यांखेरीज एक सामान्य नागरिक असावा लागतो, आणि तत्त्वज्ञ, नीतिज्ञ वा ईशज्ञानाचा अभ्यासक यांनाही तेथे जागा ठेवलेली आहे. ही गोष्ट आपल्या पाळकांना व सेमिनरीतील मंडळींना फारशी ठाऊक दिसत नाही. तेथे बसणाऱ्याने निदान संमतिपत्राचे मराठी तरी वाचून पाहावे. 'यादृच्छिक विभाजन' असा शब्द छापून खेडेगावच्या स्त्रीपुढे ठेवला तर ती अंगठा देईल, पण तिला काही कळले असे म्हणता येणार नाही. चिठ्ठ्या टाकून कोणाला नवे औषध व कोणाला जुने हे ठरेल, असे सांगितले तर तिला तत्काळ उमजेल. मत्थियाची निवड कशी झाली हे ठाऊक असलेल्या आपल्या माणसांना तर अधिकच. आणि उमजल्यावर ती प्रश्न विचारील. माझ्या वाट्याला जुने आले तर? तुमचे काम संपल्यावर नवे औषध मला मिळणार काय? हे दोन्ही प्रश्न चांगल्या संशोधकाने स्वतःला विचारावेत असेच आहेत.

भाषांतरकाराच्या कामातही हा वाद येऊन पोहोचतो. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि त्यांपैकी ज्यांच्या हाती मराठी शास्त्र येते त्यांना लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आपल्या रोगाचे नाव वाचावे लागते. तेथील इब्री शब्द 'त्सारअथ' हा वस्त्राला आणि पुढच्या अध्यायात घराच्या भिंतीलाही लागू होतो. हॅन्सन यांनी पाहिलेल्या जंतूशी त्याचा संबंध जोडता येत नाही, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. १९४८ साली हवाना येथील आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने रुग्णाला 'लेपर' म्हणू नये अशी शिफारस केली. मिशन संस्थेनेही पुढे आपल्या नावातून तो शब्द गाळला. मराठीत 'महारोग' ठेवावा, 'कुष्ठ' ठेवावा की 'त्वचेचा चट्टा' असे काही म्हणावे, यावर विद्वानांची मते पुष्कळ आहेत. मसुदा तयार झाला की तो सामान्य वाचकांना वाचून दाखवायचा आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत विचारायचे, अशी भाषांतराच्या कामात रीत आहे. हा अध्याय वाचून दाखवताना कुष्ठातून बरे झालेली दोन-चार माणसे समोर असावीत, आणि शब्द ठरल्यावर त्याखाली कोणती टीप घालावी हेही त्यांनाच विचारावे, अशी माझी सूचना आहे.